पाच ते आठ

नाणे, ता. मावळ
१८ ऑगस्ट

तेजल,
जय भीम.

फोन हाताशी असताना ननंद पत्र का लिहिती, असं तुला वाटंल. आमच्या घरात फोन एकाचा न्हाई. आकाश कामावरनं आला की माझा फोन त्याच्या हातात जातो, आनि त्यो आईचा कमी आनि फोनचा जास्त लेक हाय. तुमच्याकडं बी तसंच. आपली आई सम्यककडनं मेसेज वाचून घेती, आनि सात वर्साचं पोर काय वाचंल आनि काय गाळंल. म्हनून कालेजच्या पत्त्यावर टाकते.

परवा आईचा फोन आलता. गुडगा सुजलाय म्हनली. सम्यकला शाळंतनं आनायचं, त्याला खायाला द्यायचं, अभ्यासाला बसवायचं, वर संध्याकाळची भाकरी. मी म्हनलं, तेजल कुटं असती? तर म्हनली, लायब्ररीत. आठला येती. आनि हे सांगताना तिचा आवाज असा काय झाला, की गुडगा दुखत असल्यावानी वाटंचना. शेजारच्या बाईला बी सारखं सांगत असती, आमची सून वकील व्हनार.

तुला कसं जमतं गं सगळं? सकाळी त्या कुसगावच्या हॉटेलात रिसेप्शनवर, मग कालेज, मग लायब्ररी. लायब्ररी खरंच आठपर्यंत उगडी असती का? आमच्या टायमाला शाळंचं कपाट बी गुरुजी वर्सातनं एकदा उगडायचे, म्हनून इचारलं.

हितं आमचं सासरं, कोंडाजीआबा, हायेत तसेच हायेत. उजवी बाजू गेली ती गेली. दर दोन तासांनी कुशीवर करायचं. मालक भाताच्या खाचरात. बाकी ठीक.

उत्तर दे. पत्रानंच दे.

शालन


लोणावळा
२७ ऑगस्ट

आदरणीय शालनताई,
सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र ऑफिसातल्या शिपायाने वर्गात आणून दिलं, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या वर्गातल्या मुलांना पत्र म्हणजे कोर्टाची नोटीसच वाटते. मला मात्र बरं वाटलं.

आईंच्या गुडघ्याचं मला माहीत आहे. सकाळी निघायच्या आधी मी तेल लावून देते, पण दिवसभर त्यांना उठबस करावी लागते, हे खरं आहे. परीक्षा झाली की काहीतरी सोय करू.

लायब्ररीचं विचारलंत. हो, आठपर्यंत असते. दुसऱ्या मजल्यावर मोठी खोली आहे, लांब टेबलं, खिडकीतून मागची टेकडी दिसते. अनिता मॅडम म्हणून ग्रंथपाल आहेत, फार चांगल्या आहेत. पाचनंतर गर्दी कमी होते, मग मला कोपऱ्यातली जागा मिळते. मोठी पुस्तकं घरी न्यायला देत नाहीत, तिथेच बसून वाचावी लागतात. म्हणून थांबावंच लागतं. सात-सव्वासातला डोळे दुखायला लागतात, पण तरी बसते. पावणेआठला मॅडम दिवे मालवायला लागतात, तेव्हा उठते.

आबांची सेवा तुम्ही एकट्या करता, ते मला कधी जमलं नसतं. तुम्हीही स्वतःच्या तब्येतीकडे बघा.

तुमची,
तेजल


नाणे
५ सप्टेंबर

तेजल,

तुजं पत्र मी चारदा वाचलं. टेबल, खिडकी, टेकडी, दिवे मालवनाऱ्या म्याडम. लय चांगलं लिवलंयस.

आता माझं ऐक. मागलं पत्र लिहायच्या आधीच्या गुरवारी मी लोनावळ्याला आलते. आबांच्या औषधाची चिठ्ठी घेऊन डाक्टरकडं. काम लवकर झालं. म्हनलं, घरी जाऊन आईला तरास देन्यापरीस तुला कालेजातच भेटावं, दोघी मिळून घरी जावं. पिशवीत परसातल्या काकड्या व्हत्या. गेटावर पोचले तवा सहा वाजायला आलते.

वॉचमन म्हनला, "मावशी, हितं टॉयलेट न्हाई. पर्यटकांसाठी पुढं चौकात हाय."
मी म्हनलं, "मी पर्यटक न्हाई. माझी भावजय वर लायब्ररीत बसलीय."
त्यो म्हनला, "लायब्ररी पाचला बंद व्हती. जुलैपासनं. साडेपाचला मी बिल्डिंग मोकळी करतो आनि ग्रील लावतो. आत कुनी न्हाई."
मी म्हनलं, "परत बगा."
त्यो बिचारा चांगला मानूस. सीताराम का काय नाव सांगितलं. मला कुलूप दावलं.

मी तितंच थोडा वेळ उभी राहिले. मग घरी आले न्हाई. आईला काय सांगनार व्हते? तशीच स्टेशनवर गेले, गाडी धरली, कामशेतला उतरून जीप केली. काकड्या गाडीतल्या एका बाईला दिल्या.

मी तुला पत्रात सरळ इचारलं न्हाई. म्हनलं, खरं सांगती का बगू. तू न्हाई सांगितलंस.

कोन हाय त्यो, तेजल? हॉटेलातला हाय का वर्गातला? मी अजून कुनाला बोलले न्हाई. धम्माला तर न्हाईच. त्यो माझा भाऊ हाय, पन मी तुजी बी कुनीतरी हाय. त्याच्या कानावर दुसऱ्याकडनं जायच्या आत मला सांग.

शालन


लोणावळा
११ सप्टेंबर

शालनताई,

कुणी नाही.

हे एवढंच लिहून पाकीट बंद करणार होते. पण तुम्ही त्याचा अर्थ काय लावाल ते कळेना, म्हणून सगळं लिहिते.

मागच्या वर्षी लायब्ररी खरंच आठपर्यंत होती. खिडकी, टेबल, अनिता मॅडम, सगळं खरं आहे. मी खरंच बसायचे. जुलैत वर्ग सुरू झाले आणि दारावर नोटीस लागली. दुसरा माणूस सोडून गेला, नवीन भरला नाही, मॅडम एकट्या पडल्या. शिवाय पावसाळ्यात भुशी धरणावर जाणारी माणसं आवारात गाड्या लावतात, जिन्यात बसून खातात, म्हणून बिल्डिंगही लवकर बंद करायची ठरली. वेळ दहा ते पाच.

त्या दिवशी मी सरळ घरी निघाले होते. आपल्या गल्लीच्या तोंडाशी आले तर आई दारात बसून शेजारच्या काकूंशी बोलत होत्या. "तिला काय घरचं बघायला वेळ? लायब्ररीत असते. वकिलीचा अभ्यास म्हणजे काय खायचं काम आहे का?" काकू म्हणाल्या, "नशीबवान आहात." मी कोपऱ्यावर उभी होते. चार पावलं टाकली असती तर आत गेले असते, कणीक मळली असती, सम्यकची वही बघितली असती. यांची कंपनीची गाडी साडेआठला येते, त्यांचा डबा धुतला असता. रोजचंच सगळं. मला कुणाचा राग आला नव्हता. फक्त पाय पुढे पडेनात. मी मागे वळले.

चालत चालत तुंगार्लीला गेले. चढ संपतो तिथून तळं दिसतं, बाजूला बंगल्यांच्या कुंपणाखाली दगडी कट्टा आहे. तिथे बसले. पिशवीत पुस्तक होतं. काढलं नाही. फोन पिशवीतच ठेवला. पाणी बघितलं असं म्हणावं तर तेही नाही, धुकं होतं. नुसती बसले. अंधार पडायला लागल्यावर उठले आणि आठला घरी पोचले. आई म्हणाल्या, "झाला का अभ्यास?" मी म्हटलं, "झाला."

दुसऱ्या दिवशीही गेले. मग रोज. पाऊस फार असला तर तिथे चहाची एक बंद टपरी आहे, तिच्या पत्र्याखाली उभी राहते.

तुम्हाला वाटेल, एवढा वेळ मिळतो तर वाचत का नाही. वाचत नाही, ताई. मागच्या सेमिस्टरचा निकाल लागला, माझा एक विषय राहिला. घरी सांगितलेलं नाही. सकाळी सहाला मी हॉटेलात हसून "गुड मॉर्निंग सर" म्हणते. वर्गात मुलं मला "ताई, तुम्ही सांगा" म्हणतात. घरी बाबासाहेबांच्या फोटोला हार घालताना आई माझ्याकडे बघतात. यांच्या कंपनीतली माणसं विचारतात, वकीलसाहेब काय म्हणतात. सगळे चांगलेच वागतात, म्हणून कुणाला म्हणता येत नाही की मी दमले आहे. दमले म्हटलं तर सगळे म्हणतील, मग सोड. मला सोडायचंही नाही.

त्या कट्ट्यावर मी कुणाची कुणी नसते. बस, इतकंच आहे.

यांना सांगायचं असेल तर सांगा. मी खोटं बोलले ते बोलले.

तेजल


नाणे
२० सप्टेंबर

तेजल,

मला हे पटलं न्हाई.

नुसतं बसायला कोन जातं? बाईमानूस रोज संध्याकाळी येवढा चढ चढून तळ्यावर जातं आनि कायबी न करता परत येतं, हे मी कुनाला सांगितलं तर मलाच येडी म्हनतील. दुसरं कायतरी असंल आनि तू झाकतीयास, असं माझं मन म्हनतं.

आनि समज, खरं असलं. मग तर मला जास्त राग येतो. तू बसतीस तवा तिकडं माजी आई सुजल्या गुडग्यानं पोरामागं पळती. तुला दमायचा हक्क हाय आनि तिला न्हाई व्हय? मला बी दमायला व्हतं. आबांना कुशीवर करताना माज्या कंबरंत कळ येती, त्यांच्या तोंडातनं भात बाहीर येतो, तो मी पुसते. आमचं मालक दारातनं बगत्यात आनि गोठ्यात निघून जात्यात, बापाची ती दशा त्यांना बगवत न्हाई. मला बगवती, असं समद्यांनी ठरवून टाकलंय. मी कुठल्या तळ्यावर जाते?

सोमवारी मी येनार हाय. कुठल्या सोमवारी ते सांगनार न्हाई. माज्या डोळ्यानं बगनार. मग धम्माला काय सांगायचं ते ठरवीन.

शालन


लोणावळा
४ ऑक्टोबर

शालनताई,

बुधवारी घडलं ते तुम्हाला माहीतच आहे, कारण त्यात तुम्हीच होतात. तरी माझ्या बाजूने लिहिते, कारण मला काही कळलेलं नाही.

आम्ही जेवायला बसलो होतो. धम्मदीप अचानक म्हणाले, "सोमवारी संध्याकाळी तू कुठे होतीस?" मी नेहमीचं म्हटलं, लायब्ररीत. ते म्हणाले, "आमच्या डिपार्टमेंटचा एक जण तुंगार्लीत राहतो. तू तळ्यावर बसली होतीस म्हणाला." आईंचा घास हातातच राहिला. सम्यक म्हणाला, "मम्मी, तू मला न घेता तळ्यावर गेलीस?" खरं बोलावं असं ठरवून तोंड उघडत होते, तेवढ्यात त्यांनी फोन काढला आणि तुम्हाला लावला. स्पीकरवर. का लावला तेही मला माहीत नाही. आमच्या घरात काही झालं की ते तुम्हालाच लावतात.

ते म्हणाले, "ताई, तेजल लायब्ररीत म्हणून सांगते आणि तळ्यावर बसते. तुला काही बोलली का?"

तुम्ही म्हणालात, "सोमवारचं म्हनतोस का? व्हय. मी बी व्हते तितं. आमी दोघी बसलोतो."

"मग घरी का नाही आलीस?"

"आबांना शेजारच्या बयाबाईच्या भरवशावर टाकून आलते. परत जायचं व्हतं. ठेव आता, त्यांना कुशीवर करायचंय."

आणि फोन बंद. आई म्हणाल्या, "शालन आलती व्हय? मग सांगायचं ना." ह्यांनी जेवण सुरू केलं. त्या दिवशी विषय तिथेच थांबला.

ताई, मी सोमवारी तिथे एकटीच होते. तुम्ही माझ्यासाठी खोटं का बोललात? तुम्ही तर येऊन पकडणार होतात. मला आता तुमची जास्त भीती वाटते.

आणखी एक. वर्गातल्या मुलांनी लायब्ररीची वेळ वाढवून मागायचं ठरवलं आहे. परीक्षा जवळ आली, नोकरी करणाऱ्यांना पाचच्या आत काही वाचता येत नाही, हे खरंच आहे. त्यांनी अर्ज लिहायला मलाच सांगितलं, माझं मराठी चांगलं आहे म्हणून. मी लिहिला. ग्रंथालय व इमारत सायंकाळी आठ वाजेपर्यंत खुली ठेवावी, विद्यार्थ्यांना ओळखपत्र दाखवून प्रवेश द्यावा. पहिली सही माझी आहे. सही करताना वाटलं, हे मान्य झालं तर मला तळ्यावर जायचं कारणच उरणार नाही. लायब्ररी उघडी असेल आणि मुलं विचारतील, ताई दिसल्या नाहीत. तरी केली. एका मुलीचा नवरा तिला रोज साडेपाचला गेटवरून घेऊन जातो, तिला घरी पुस्तक उघडू देत नाहीत. तिच्या तोंडाकडे बघून सही न करणं जमलं नाही.

तेजल


नाणे
१० ऑक्टोबर

तेजल,

मी खोटं बोलले न्हाई.

त्या सोमवारी मी आलते. बयाबाईला म्हनलं, आबांजवळ बस, डाक्टरकडं जाऊन येते. आकाशला बी तेच सांगितलं. लोनावळ्याला उतरून रिक्षा केली, चढाच्या अलीकडंच सोडली. तू तुज्या कट्ट्यावर बसलीवतीस. मी वरच्या बाजूला एका बंगल्याचं गेट बंद व्हतं, त्याच्या पायरीवर बसले. तितनं तुजी पाठ दिसत व्हती. मदी करवंदीची जाळी, म्हनून तुला मी दिसले नसनार.

मी वाट बगत व्हते. कोन येतं ते बगायचं, आनि आला की सरळ जाऊन पुढं उभं ऱ्हायचं. काय बोलायचं ते बी मी गाडीत ठरवून आलते.

कुनी आलं न्हाई. एक जोडपं आलं, फोटो काडून गेलं. तू मान बी वळवली न्हाईस. मला वाटलं, फोनवर बोलंल. फोन बी काडला न्हाईस. मग वाटलं, रडत असंल. पाठ हालत नव्हती. तू काय करत व्हतीस ते मी बगत ऱ्हायले, आनि तू कायबी करत नव्हतीस.

पुढचं मला नीट सांगता येत न्हाई. कवा तरी मी तुज्याकडं बगायचं बंद केलं. वारं गार व्हतं. खाली कुनाच्या तरी बंगल्यात कुत्रं भुंकत व्हतं, मग तेबी थांबलं. पान्यावर एक पक्षी व्हता, बुडी मारायचा आनि लय लांब वर यायचा. मी त्याच्याकडं बगत व्हते का न्हाई ते बी आठवत न्हाई. भानावर आले तवा तू उठून गेलीवतीस. मला कळलं बी न्हाई. दिवे लागलेवते. आनि माज्या पायात चपला नव्हत्या, बाजूला काडून ठेवल्यावत्या. कवा काडल्या, ठावं न्हाई.

लगीन झाल्यापासनं मी अशी बसले न्हाई, तेजल. बसते तवा निवडत असते, न्हाईतर सोलत असते. हात मोकळे ठेवून मी कवा बसलेवते, आठवून आठवून आठवलं न्हाई.

घरी यायला उशीर झाला. मालक लय बोलले. बयाबाईनं आबांना एकदाच कुशीवर केलंवतं, पाठ लाल झालीवती. मला वाईट वाटलं. पन रडू आलं न्हाई, चिडले बी न्हाई. गपगार तेल लावत बसले. मालक बोलायचे थांबले आनि माज्याकडं बगाय लागले.

म्हनून धम्मानं इचारलं तवा मी जे व्हतं तेच सांगितलं. आमी दोघी बसलोतो. वर मी, खाली तू. तुला दिसले न्हाई म्हनून ते खोटं व्हत न्हाई.

पन आईचं काय ते बग. त्यात मी माझा शब्द माघारी घेनार न्हाई. तिला सांग. तू सांग. मी सांगितलं तर ते चाडी सांगितल्यावानी व्हईल.

शालन


लोणावळा
२३ नोव्हेंबर

प्रिय शालनताई,

उत्तराला फार उशीर झाला. तुमचं पत्र आल्यावर मी दोन दिवस पिशवीत घेऊन फिरले.

अर्ज मंजूर झाला. दिवाळीनंतर लायब्ररी आठपर्यंत उघडी असते, परीक्षा संपेपर्यंत तरी. पुढचं नंतर बघू म्हणाले. अनिता मॅडमना संध्याकाळपुरता एक मदतनीस दिला आहे. पाचनंतर गेटवर ओळखपत्र दाखवून सही करायची, बाहेरच्या कुणाला सोडत नाहीत.

पहिल्या संध्याकाळी मी वर गेले, माझी कोपऱ्यातली जागा मोकळी होती. तिथे बसून मला वाटलं, आता माझं खोटं आपोआप खरं झालं, कुणाला काही सांगायची गरजच नाही. सुटले. आणि मग तुमच्या पत्रातलं शेवटचं आठवलं. त्या दिवशी सातलाच उठले आणि घरी जाऊन सांगितलं. आई भाकऱ्या करत होत्या, हे त्या दिवशी लवकर आले होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं, जुलैपासूनचं सगळं. विषय राहिलाय तेही.

ह्यांनी विचारलं, "ताईला माहीत होतं?" मी म्हटलं, "नंतर कळलं." ते बाहेर जाऊन दारातली दुचाकी पुसत बसले. अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतात. रोज वाटतं, आज विचारतील, का गेलीस म्हणून. विचारत नाहीत. मीही किती सांगणार? तुम्हाला प्रत्यक्ष बघितल्याशिवाय पटलं नव्हतं, मग त्यांना कसं पटेल?

आईंनी तव्यावरची भाकरी उलटली, ती फुगल्यावर काढली. मग म्हणाल्या, "मी समद्यांना सांगितलं, सून अभ्यास करती. माझी जीभ तू खोटी केलीस." दुसरी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आनि तू तितं बसायचीस तवा मी हितं काय करत व्हते, ते तुज्या मनात आलं का कवा?"

ताई, आलं होतं. रोज उठताना यायचं. पण बसताना येत नव्हतं. मी तसंच सांगितलं.

दोन-तीन दिवस त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी मी तेल लावायला घेतलं तर पाय मागे घेतला नाही. तेल लावून होत आलं तेव्हा म्हणाल्या, "मंगळवारी आनि शुक्रवारी तू पाचला ये. मला विहारात बायका जमतात तितं जायचंय. दोन वर्सं झाली, मी गेले न्हाई." मी म्हटलं, "येईन." त्या म्हणाल्या, "येईन न्हाई, यायचं." ह्यांना त्यांनी परस्पर सांगून टाकलं, रविवारी सम्यक तुझ्याकडे. गेल्या रविवारी ते त्याला घेऊन केस कापायला गेले आणि दुपारपर्यंत आले नाहीत.

उरलेले दिवस लायब्ररी. खरं सांगते, सगळा वेळ वाचन होतं असं नाही. परवा पुस्तकावर डोकं ठेवून झोपले, समोरच्या मुलीने उठवलं. राहिलेला विषय पुन्हा द्यायचा आहे. निघेल की नाही, सांगता येत नाही. काल पाच पानं वाचली आणि ती डोक्यात राहिली, बऱ्याच महिन्यांनी.

तळ्यावर अजून गेलेले नाही. जाणारच नाही असंही नाही.

तुम्ही कशा आहात? आबा?

तुमची,
तेजल


नाणे
१ डिसेंबर

तेजल,

पत्र पोचलं. आईचा बी फोन आलता. तिनं मला तुजं कायबी सांगितलं न्हाई, विहारात कोन कोन आलतं तेच सांगत व्हती. म्हनजे बरं चाललंय.

धम्माचं तू मनावर घेऊ नको. त्यो ल्हानपनापासनं असाच. रुसला की गप बसनार, आनि मग एक दिवस कायतरी खायाला घेऊन येनार. तसं न्हाई झालं तर मला कळव.

आबा हायेत. थंडीनं खोकला वाढलाय. डाक्टर म्हनला, असंच चालायचं. पाठ लाल झालीवती तितली जखम भरत आली.

बयाबाईशी मी बोलले. दर सोमवारी दुपारनंतर ती आबांजवळ बसनार, बुधवारी मी तिच्या नातवंडाला बगनार. कुशीवर कसं करायचं ते तिच्याकडनं चारदा करून घेतलं. डाक्टरचं नाव न्हाई सांगितलं ह्या बारीला. आकाशला बी सांगितलं, सोमवारचा फोन माझ्याकडं ऱ्हाईल. त्यो हसला.

हितं नदीवर मोरीच्या पुलाच्या वरल्या अंगाला खडक हाय, बायका धुनं धुत्यात त्याच्या पल्याड. तितं कुनी येत न्हाई. मागल्या सोमवारी मी निगाले. मालक गोठ्यापाशी बादली घेऊन उभे व्हते.

"कुटं निगालीस?"
"बसायला."
"कुनाकडं?"
"कुनाकडं न्हाई."
"मग कशाला?"
"बसायला."

त्यांनी बादली खाली ठेवली. माज्याकडं बगितलं, रस्त्याकडं बगितलं. मला वाटलं, आता बोलत्यात. मी पन उभी ऱ्हायले, काय बोलायचं ते बोलू दे म्हनून.

मग म्हनले, "येताना कोथमीर आन."

शालन